सातव्या महिन्यात बीपी वाढलं, घरात मीठ बंद: आहारात नेमकं काय बदलू?

पारिजातक (मुलुंड)

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण, २९वा आठवडा चालू आहे. आजवर माझं बीपी ११०/७० च्या आसपास असायचं. गेल्या तपासणीला ते १४४/९२ आलं. डॉक्टरांनी संध्याकाळी परत बोलावून मोजलं, तर १४२/९४. लघवीत प्रोटीन नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक, सोनोग्राफीत बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे आहे. बीपीची लॅबेटालॉल ही गोळी सुरू झाली आहे. घरी बीपी मोजून वहीत लिहायचं आणि दर आठवड्याला दाखवायला जायचं, असं ठरलंय. आहाराचं विचारलं तेव्हा "सगळं खा, खारट कमी करा" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर रांग लागली होती, त्यामुळे पुढे विचारणं झालं नाही.

घरी मात्र प्रत्येकाचं वेगळं. सासूबाईंनी माझ्यापुरतं मीठ बंदच केलंय, भाजी-वरण सगळं अळणी. आई फोनवर म्हणते डाळी-उसळी सोड, नाहीतर लघवीत प्रोटीन जायला लागेल. नणंदेने सैंधव आणून दिलं. शेजारच्या काकूंनी रोज उपाशीपोटी कच्चा लसूण सांगितलाय. सगळ्यांचा जीव तुटतोय माझ्यासाठी, ते कळतं. पण अळणी घास घशाखाली उतरत नाही. दोन घास खाऊन उठते, आणि रात्री बाळ हललं की वाटतं, याला पुरतंय का?

त्यात पुढच्या पंधरवड्यात डोहाळजेवण आहे. ज्यांनी हे अनुभवलंय किंवा ज्यांना यातलं शास्त्र माहीत आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चाफा_मोगरा

वाचतेय. बहिणीचा सहावा महिना चालू आहे, तिलाही हा धागा पाठवते. काळजी घे गं.

डॉ_निशिगंध

पारिजातक, मी प्रसूतितज्ज्ञ आहे, महापालिकेच्या प्रसूतिगृहात काम करते. तुला न तपासता औषधांबद्दल काही बोलणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आहाराबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिते.

तुझं बीपी तू खाल्लेल्या कुठल्या लोणच्या-पापडामुळे वाढलेलं नाही, हे आधी मनातून काढून टाक, आणि घरच्यांनाही सांग. विसाव्या आठवड्यानंतर बीपी पहिल्यांदाच १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, आणि निदान चार तासांच्या अंतराने मोजूनही तसंच राहिलं, तर आम्ही त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतो. त्याच्या जोडीला लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागला, तर तो प्रीएक्लॅम्पसिया. याची सुरुवात वारेपासून होते. गर्भाशयातल्या ज्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा रुंद होत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं, मग तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. त्यातून बीपी चढतं. पहिलं बाळंतपण, जुळी, आधीपासूनचं बीपी किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जास्त वजन, आई किंवा बहिणीला झालेलं असणं, यांनी धोका वाढतो. यात स्वयंपाकघराचा दोष कुठेच नाही.

आता मीठ. गरोदरपणात मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितलं की केवळ या कारणासाठी मीठ कमी करायला लावू नये. त्यामुळे अळणी जेवण बंद कर. घरात सगळ्यांसाठी बेताच्या मिठाचा स्वयंपाक व्हावा, तोच तू जेव. कुणाही मोठ्या माणसासाठी दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असावं. त्यात भाजी-आमटी, चटणी, फरसाण, पाव सगळं आलं. ज्यांना गरोदरपणाच्या आधीपासूनच बीपी आहे आणि जे कमी मिठाचंच जेवत आले आहेत, त्यांनी तसंच चालू ठेवावं.

डाळी सोडणं तर अजिबात नको. लघवीतून प्रोटीन जातं ते मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा झाल्यामुळे. उसळ खाल्ल्याने ते जात नाही. उलट शेवटच्या तिमाहीत रोजच्यापेक्षा साधारण २२ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, असं आयसीएमआरचं २०२० चं मार्गदर्शन आहे.

सैंधव हेही सोडियम क्लोराईडच. बीपीला त्याचा काही फायदा नाही, आणि त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, म्हणून साधं आयोडीनयुक्त मीठच ठेव. बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ पोटॅशियमचं असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लसूण फोडणीत हवा तेवढा घाल. उपाशीपोटी कच्चा चावून बीपी आटोक्यात येईल हा भरवसा नको, तुला फक्त जळजळ होईल.

माई_दादर

पोरी, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आमच्या वेळी सूज आली की डॉक्टरच मीठ तोडायला सांगायचे. माझ्या थोरल्या जावेला अळणी जेवण आणि खाटेवरून उठायचं नाही, असं दोन्ही लावलं होतं, तेही शिकलेल्या डॉक्टरांनी. तुझ्या सासूबाईंनी तेच पाहिलंय. त्यांना इंटरनेटवरचं वाचून दाखवलंस तर त्या दुखावतील. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर ने. डॉक्टरांच्या समोर त्यांना त्यांचे प्रश्न विचारू दे. आमच्या घरात सुनेच्या वेळी असंच केलं, आणि नंतर नातेवाइकांत मीच सांगत फिरले की मीठ तोडायचं नसतं.

तोवर तोंडाला चव यायला लिंबू, आमसूल, आलं, जिरं, ओलं खोबरं, कोथिंबीर भरपूर घाल. आमसुलाच्या सारात मीठ कमी असलं तरी कळत नाही. ताकाला जिरेपूड आणि कढीपत्त्याची फोडणी दिली की वर मीठ भुरभुरावं लागत नाही.

डॉ_निशिगंध

माईंचं अगदी खरं आहे. त्या काळात तसंच शिकवलं जायचं, आता अभ्यासांनी ते बदललं. खाटेवर पडून राहण्याचंही तेच. सगळं बंद करून झोपून राहिल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरात वावर, थोडं चालणं चालू ठेव.

नाचणीची_भाकरी

आहारतज्ज्ञ आहे, परळला प्रॅक्टिस करते. डॉक्टरांनी मीठ-डाळींचं लिहिलंच आहे, मी कॅल्शियमबद्दल सविस्तर लिहिते, कारण आहारातल्या ज्या थोड्या गोष्टींचा प्रीएक्लॅम्पसियाशी खरा संबंध दिसलाय त्यांत ही पहिली.

ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं, त्या बायकांना गरोदरपणात ते पुरवलं तर प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण घटतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणी यात मोडतात. दूध म्हणजे चहात घालतो तेवढंच! जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी रोज दीड ते दोन ग्रॅम सांगते. आपल्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, आणि ती बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायची असते. भारत आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० गरोदर बायकांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत आणि १५०० घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे मैत्रिणीच्या आणि तुझ्या डॉक्टरांनी वेगवेगळा डोस दिला तर घाबरू नकोस. गोळी चुकवू नकोस, एवढंच महत्त्वाचं.

कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, दोघींत निदान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम जेवणाबरोबर घे. लोह जेवणानंतर काही वेळाने लिंबू-पाण्याबरोबर किंवा पेरू, संत्रं खाऊन घेतलं तर चांगलं शोषलं जातं. लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको.

ताटात काय? १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे एका भाकरीतून दीडशेच्या आसपास मिळतं. पेलाभर दुधातून दोनशेच्या वर. तीळ फार गुणी, रोज चमचा-दोन चमचे भाजून कोशिंबिरीवर घाल. राजगिऱ्याची पालेभाजी, शेवग्याचा पाला, दही, पनीर, चणे, कुळीथ. अंडं खात असशील तर रोज एक उकडून.

'दोन जिवांची आहेस, दुप्पट जेव' हेही नको. रोजच्या जेवणावर साधारण ३५० कॅलरी पुरतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादं फळ. आणि वजन वाढतंय म्हणून गरोदरपणात डाएट करून ते उतरवायला जाऊ नये.

ऑफिसला जाणाऱ्या माझ्याकडच्या बऱ्याच मुलींचं जेवण प्रवासात बिघडतं. सकाळी घाईत चहा-बिस्किट, मग एकदम दीडला डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव नाहीतर भेळ. वडा, पाव, सुकी चटणी, मीठ लावलेली मिरची, चारही गोष्टींत मीठ. त्याऐवजी पर्समध्ये भाजलेले चणे-खजूर, एक केळं, घरच्या राजगिऱ्याच्या वड्या ठेव. सकाळी निघण्यापूर्वी नाचणीचं सत्त्व किंवा मुगाचं धिरडं पोटात गेलं पाहिजे. मोड आलेलं कडधान्य कच्चं नको, शिजवून.

वरळीची_पोर

मासळीचं कुणी लिहिलं नाही! आमच्या घरी माशांशिवाय जेवण होत नाही. गरोदर असताना मला सगळे सुकं खा म्हणायचे. बीपी असताना सुकी मासळी चालते का? आणि ताजी कुठली?

नाचणीची_भाकरी

ताजी मासळी जरूर खा, चांगलं शिजवून. बांगडा, तारली, बोंबील, मांदेली छान. मांदेलीसारखी काट्यासकट चावून खाता येणारी लहान मासळी कॅल्शियमचीही चांगली. मोरी, म्हणजे शार्क, मात्र गरोदरपणात टाळ, त्या जातीच्या माशांत पारा जास्त साठतो. सुरमईही रोज नको. मीठ लावून खारवलेला मासा बीपी असताना बाजूला ठेव. नुसतं उन्हात वाळवलेलं सुकट किंवा बोंबील कधीतरी चालेल, पण आधी धुऊन, भिजवून, आणि त्या दिवशी वर मीठ हात राखून.

अंधेरी_फास्ट

बायकोच्या वेळचा अनुभव लिहितो, कारण तो खाण्याशी थेट जोडलेला आहे. तिचा ३३वा आठवडा होता. रात्री पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. घरी सगळे म्हणाले पित्त आहे, फ्रूट सॉल्ट घे, सकाळपर्यंत बरं वाटेल. पण तिला तपासणीच्या वेळी एका सिस्टरने नीट समजावून सांगितलं होतं की बीपी असताना इथे दुखलं तर थांबायचं नाही. तिने हट्ट धरला, आम्ही रात्रीच निघालो. बीपी १६०/११० च्या वर, प्लेटलेट घसरलेल्या, यकृताचे आकडे वाढलेले. हेल्प सिंड्रोम, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचाच गंभीर प्रकार, असं निदान झालं. मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं, सिझेरियन, बाळ काही काळ एनआयसीयूत. आज दोघं ठणठणीत आहेत, मुलगी शाळेत जाते.

त्या रात्री तिने घरच्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. म्हणून पारिजातकच्या यजमानांना माझं सांगणं आहे: धोक्याच्या खुणा तुम्हालाही पाठ असू द्या. त्या वेळी ती वेदनेत असते, निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो.

डॉ_निशिगंध

हा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा. खुणा लिहून देते, फ्रिजवर लावा: औषधाने न थांबणारी जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात दुखणं, अचानक चेहरा-हात सुजणं किंवा वजन झपाट्याने वाढणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं. बीपी १६०/११० झालं तर काहीही त्रास होत नसला तरी लगेच रुग्णालय गाठायचं. फिटचा झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

फ्रूट सॉल्ट आणि खाण्याचा सोडा, दोन्हींत सोडियम भरपूर असतं. पित्ताचा त्रास असेल तर गरोदरपणात चालणारं औषध डॉक्टर देतात. सर्दी-खोकल्यात दोन गोष्टी सांभाळा: नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी बीपी चढतं, आणि ज्येष्ठमध! घशाला बरं वाटतं म्हणून आपल्याकडे काडी चघळत राहतात, पण त्याने पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. कसलीही दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पारिजातक (मुलुंड)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. माईंनी सांगितल्याप्रमाणे सासूबाईंना बरोबर नेलं. त्यांनी डॉक्टरांना तीन वेळा विचारलं, "नक्की ना?" आज आमटीत सगळ्यांइतकंच मीठ होतं आणि मी पोटभर जेवले. त्यांनी स्वतःहून डब्यातले पापड वर ठेवून दिले, म्हणाल्या आता घरात सगळ्यांनाच आठवड्यातून एकदा.

एक प्रश्न. घरच्या मशीनवर कधी १३२ येतं, कधी १४८. कुठलं धरू?

सर्किट_ठाणे

मशीन दंडाचं आहे ना? मनगटाचं नको. डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी एकदा ताडून घ्या. मोजण्याआधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नको. दंड छातीच्या पातळीत टेकलेला, पट्टा दंडाच्या मापाचा, कपड्यावरून नाही. मोजताना बोलायचं नाही. चहानंतर किंवा स्टेशनचा जिना चढून आल्यावर अर्धा तास थांबा. एक मिनिटाने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

डॉ_निशिगंध

बरोबर. वाईट आकडा आला म्हणून तो खोडू नका, आम्हाला सगळे आकडे बघायचे असतात. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतः कमी करू नका.

सुगरण_गिरगाव

डोहाळजेवणाचं राहिलंच की! पारिजातक, त्या दिवशी मन मारू नकोस. पुरणपोळी, कटाची आमटी, खमंग काकडी, ओल्या नारळाच्या करंज्या, पंचामृत, सगळं कर. मीठ फार जातं ते लोणचं, पापड-कुरडया, सांडगी मिरची आणि विकतच्या फरसाणातून. ते ताटातून काढलं तरी ताट भरलेलंच दिसतं. वरणभात-तूप-लिंबू आधी खा, गोडाचा घास नंतर. शुगर तपासली आहे ना? बीपी आणि शुगर पुष्कळदा हातात हात घालून येतात. आणि ओटी भरायला येणाऱ्या बायकांची रांग मोठी असते, तासन्‌तास पाटावर बसू नकोस. खुर्चीत बस, मध्ये उठून आडवी हो, आमच्या लेकीला तसंच केलं आणि कुणी काही बोललं नाही.

चाफा_मोगरा

उपवासाचं विचारायचं होतं. बहीण संकष्टी करते, सोडायला तयार नाही.

नाचणीची_भाकरी

दिवसभर पोट रिकामं ठेवून रात्री साबुदाणा-वेफर्स हे नकोच. देवाला नैवेद्य दाखवून तिने वेळच्या वेळी जेवावं. अगदीच मन मानत नसेल तर दूध, फळं, राजगिरा, दाण्याची आमटी-भगर असं दर दोन-तीन तासांनी, आणि बीपीची गोळी ठरल्या वेळी. मी तरी सोडच म्हणेन.

नवी_आई_बोरिवली

माझा प्रश्न थोडा वेगळा. बाळंतीण होऊन आठवडा झाला नाही, बीपी गरोदरपणात होतं. आता घरी डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, सुकं खोबरं सुरू आहे. बीपीची गोळी अजून चालू आहे. आई म्हणते बाळ झालं, आता कशाला गोळी, दूध बाधेल.

डॉ_निशिगंध

गोळी चालू ठेव. वार बाहेर आली की आजार मागे हटू लागतो हे खरं, पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुष्कळदा पुन्हा चढतं. डोकेदुखी, काजवे, बरगडीखाली दुखणं या खुणा सहा आठवडे लक्षात ठेवायच्या. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, तुझी त्यातली आहे ना एवढं डॉक्टरांना विचारून घे. लाडू-खीर खा, पण दिवसाला एखादाच लाडू. भाजी-वरण-भाकरी सुटता कामा नये.

दुसरा_डाव

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. पहिल्या वेळी ३४व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसियामुळे डिलिव्हरी करावी लागली. त्यानंतर बीपी कायमचं राहिलं, टेल्मीसार्टन चालू आहे. आता दुसऱ्याचा विचार आहे. या वेळी आधीपासून कुठला आहार घेऊ म्हणजे परत तसं होणार नाही?

डॉ_निशिगंध

आहाराच्या आधी एक काम कर. टेल्मीसार्टन आणि त्या गटातल्या गोळ्या, तसंच रॅमिप्रिल, एनालाप्रिल, गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडाला अपाय होतो. स्वतः बंद करू नकोस, पण दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगून बदलून घे. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या चालतात.

आधी प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्यांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास, सोळाव्याच्या आत, कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करतात. मुदतीआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया त्याने बराच टळतो, हे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणून दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदव, तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबू नकोस. पहिल्या वेळचे सगळे कागद बरोबर ने. खाजगीत परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जोखमीच्या केसेसची वेगळी नोंद होते.

आहार वर नाचणीताईंनी लिहिलाय तोच. वजन जास्त असेल तर ते उतरवायची वेळ आत्ताची, दिवस राहण्याआधीची. फॉलिक अॅसिड आत्तापासून सुरू कर. साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घे, आणि ते रिपोर्ट घेऊनच पहिल्या भेटीला जा.